दिवा, घंटा आणि विद्यार्थ्याची झोप

शालान्त परीक्षेला दोन-अडीच महिने उरले, की आमच्याकडे घरोघर एक वाक्य कानी पडू लागते : 'अमक्याचा मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतो हो!' सांगणाऱ्याच्या स्वरात कौतुक असते. ऐकणाऱ्या आईच्या मनात मात्र धाकधूक सुरू होते, कारण तिचा मुलगा दहा वाजताच अंथरुणाला पाठ टेकतो. मग त्यालाही चहा करून दिला जातो, डोळ्यांना पाणी लावायला सांगितले जाते. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा पहिल्या तासाला बाकावर पेंगत असतो. फळ्यावरचे त्याच्या वहीत उतरते, डोक्यात उतरत नाही. ज्यांचे आयुष्य शाळेत गेले त्यांना हे दृश्य नवे नाही.

जागणे म्हणजे अभ्यास आणि झोपणे म्हणजे आळस, हे समीकरण आपल्या समाजात इतके रुजले आहे, की ते आले कोठून, असा प्रश्नही कोणाला पडत नाही. विचारलेच तर उत्तर मिळते, 'आपली परंपराच तशी आहे. थोर माणसे अशीच शिकली.' इतिहास हा माझा विषय असल्यामुळे या उत्तराची थोडी उलटतपासणी करावीशी वाटली. तेव्हा ध्यानात आले ते असे, की विद्यार्थ्याने झोप टाकून द्यावी असे आपली जुनी परंपरा सांगत नाही. आज ज्याला आपण विद्यार्थ्याचे व्रत समजतो, ते रात्रीचे जागरण जेमतेम दीडशे वर्षांचे आहे. परीक्षा, दिवा आणि घंटा या तीन गोष्टींच्या पोटी ते जन्मले. पालकांनी हा इतिहास जाणून घ्यावा असे मला मनापासून वाटते, कारण त्याची किंमत आपली मुले मोजत आहेत.

जुन्या ग्रंथांची साक्ष

प्रथम वैद्यांचे ऐकू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात शरीराला तोलून धरणारे तीन उपस्तंभ सांगितले आहेत : आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य. म्हणजे झोपेला थेट अन्नाच्या पंगतीला बसवले आहे. त्याच सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात, कोणत्या गोष्टी झोपेवर अवलंबून असतात याची जोड्यांनी यादी दिलेली आहे. सुख आणि दुःख, पुष्टी आणि कृशता, बळ आणि दुर्बलता अशी ती यादी पुढे सरकते आणि तीतच ज्ञान आणि अज्ञान हीही जोडी येते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने एवढे एक पद पुरेसे आहे. दिवसा झोपणे चरकाला उन्हाळा सोडून सहसा मान्य नाही. पण ज्यांना त्याने या नियमातून सूट दिली, त्यांत ओझे वाहून आणि वाट चालून थकलेल्या माणसांबरोबर अध्ययनाने थकलेला माणूसही आहे. अभ्यास हे कष्टाचे काम आहे आणि त्या कष्टाला विश्रांतीची भरपाई लागते, हे त्या वैद्याने केव्हाच मान्य केले होते.

गीतेच्या सहाव्या अध्यायात तर योग्यालाही हाच हिशेब सांगितला आहे. फार झोपणाऱ्याला योग साधत नाही, तसाच फार जागणाऱ्यालाही साधत नाही; झोप आणि जागृती दोन्ही बेताने असावीत. आपण यातले पहिले अर्धे तेवढे मुलांना सांगतो आणि दुसरे अर्धे सोयीस्कर विसरतो.

विद्यार्थ्याची पाच लक्षणे सांगणारे संस्कृत सुभाषित आपल्यापैकी बहुतेकांनी पाठ केलेले असते. त्यात विद्यार्थ्याची झोप कुत्र्यासारखी असावी असे म्हटले आहे. पुष्कळांनी याचा अर्थ 'कमी झोप' असा घेतला. पण कुत्रे पाळलेल्या कोणालाही विचारा. कुत्रे दिवसाचा बराचसा वेळ झोपलेलेच असते. त्याचा गुण हा, की हाक मारताच ते खडबडून सावध होते. सुभाषितकाराला झोपेचा सावधपणा सांगायचा आहे, तिची टंचाई नव्हे. समर्थांच्या दासबोधातही निद्रेवर एक स्वतंत्र समास आहे आणि त्यात जांभया देणाऱ्या, घोरणाऱ्या माणसांची चांगलीच थट्टा आहे. ती आळसाची थट्टा आहे. दिवसभर राबलेल्याची झोप काढून घ्यावी, असा तिचा रोख नाही.

राहता राहिला ब्राह्म मुहूर्त. पहाटे उठून पाठांतर करावे हा उपदेश खराच जुना आहे. पण त्याचा हिशेब मांडून पाहावा. अहोरात्रीचे तीस मुहूर्त, एकेक मुहूर्त ४८ मिनिटांचा. ब्राह्म मुहूर्त हा रात्रीचा शेवटून दुसरा, म्हणजे सूर्योदयाच्या ९६ मिनिटे आधी सुरू होणारा. सूर्य साडेसहाला उगवत असेल तर तो पाचला सहा मिनिटे कमी असताना लागतो. आता जुन्या घरातली संध्याकाळ आठवावी. दिवेलागणीला 'शुभं करोति', मग परवचा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी असे सारे तोंडी म्हणायचे. त्याला दिवा लागत नसे, पुस्तक लागत नसे. मग जेवण आणि आठ-साडेआठला अंथरूण. समईत नाहीतर पणतीत जळणारे करंजाचे, एरंडाचे तेल फुकट येत नव्हते. ते मुलाच्या वाचनासाठी मध्यरात्रीपर्यंत कोण जाळणार? साडेआठ ते पाच म्हणजे साडेआठ तास झोप. ज्या परंपरेने पहाटे उठवले, तिने आधी रात्री लवकर निजवले होते. आपण उठवण्याचा नियम ठेवला आणि निजवण्याचा सोडून दिला.

परीक्षा आली

हे चित्र बदलले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. उत्तीर्ण झालेल्या मोजक्या मुलांत महादेव गोविंद रानडे होते. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात असल्यामुळे आपल्याकडच्या मुलांनाही याच परीक्षेला बसावे लागे.

परीक्षा आपल्याकडे पूर्वी नव्हत्या असे नाही. गुरू तोंडी परीक्षा घेत, शास्त्र्यांच्या सभा भरत, विद्वानांना दक्षिणा मिळे. पण ठरावीक तारखेला, ठरावीक तासांत, शेकडो मुलांनी एकच प्रश्नपत्रिका लिहायची आणि तीवर पुढची नोकरी, प्रतिष्ठा, घरादाराचे भवितव्य ठरायचे, हा प्रकार नवा होता. शिवाय ती परीक्षा परक्या भाषेत होती. मुलाला इतिहास शिकायचा होता आणि ज्या भाषेत तो लिहायचा तीही शिकायची होती. हे दुहेरी ओझे काय असते, हे सीमाभागातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. घरी मराठी, बाजारात कन्नड, पुस्तकात इंग्रजी असे तीन उंबरठे आपली मुले रोज ओलांडतात. एकाच दिवसात दोन दिवसांचे काम आले, की उरलेला दिवस रात्रीतून काढावा लागतो.

याचे परिणाम दिसायला वेळ लागला नाही. विद्यार्थिदशेतल्या अतिवाचनाने रानड्यांच्या डोळ्यांना जो विकार जडला त्याने त्यांना पुढे आयुष्यभर त्रास दिला. १८९०च्या दशकात तर मुंबई इलाख्यात एका वेगळ्याच विषयावर वाद झडला : आपले पदवीधर अल्पायुषी का होतात? त्या पिढीसमोर उदाहरणे होती. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ साली वयाची बत्तीस वर्षे पुरी होण्याआधी गेले. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ साली त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. आगरकर १८९५ साली एकोणचाळीसही पुरी न करता गेले. प्रत्येकाच्या मृत्यूची कारणे निराळी होती, आगरकरांना तर दम्याने पछाडले होते. त्यांचा मृत्यू जागरणाच्या माथी मारणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. पण त्या वादात खुद्द रानड्यांनी परीक्षांच्या ओझ्याकडे बोट दाखवले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ज्याने ती वाट स्वतः तुडवली होती, तोच तिच्यातले काटे दाखवत होता.

याच काळातले एक उलट उदाहरणही सांगण्यासारखे आहे. टिळक १८७३ साली डेक्कन कॉलेजात दाखल झाले तेव्हा त्यांची प्रकृती नाजूक होती. पहिले वर्ष त्यांनी पुस्तकांना जवळजवळ बाजूला ठेवले. व्यायाम, पोहणे आणि पोटभर खाणे यांत ते वर्ष घालवले. त्या वर्षाची परीक्षाही हातची गेली. आजच्या पालकाला हे ऐकून घाम फुटेल. पण मंडालेच्या तुरुंगात, पन्नाशी उलटल्यावर, 'गीतारहस्य' लिहून काढणारे शरीर त्या एका 'वाया गेलेल्या' वर्षाच्या पायावर उभे होते, असे म्हणायला हरकत नाही.

दिवा आला

परीक्षेने जागण्याची गरज निर्माण केली. सोय केली ती नव्या दिव्याने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशी खनिज तेल आपल्या बाजारात स्वस्तात मिळू लागले आणि घराघरांत कंदील आणि चिमण्या आल्या. या तेलाची नावे मोठी गमतीची आहेत. 'रॉक ऑइल'चे मराठीत रॉकेल झाले. 'गॅसलाइट'चे घासलेट झाले असे मानतात. आणि आपल्याकडच्या कन्नड बोलीत त्याला चिमणी एण्णी म्हणतात. दिव्याचे नाव घेऊन तेलाला ठेवलेले ते नाव आहे. एकाच बाटलीला दोन भाषांत मिळून तीन नावे पडली. वस्तू किती झपाट्याने घरात शिरली, याचा हा भाषेतला पुरावा.

समईच्या वातीपुढे बारीक अक्षर वाचणे कठीण असते. काचेच्या कंदिलापुढे ते शक्य झाले. रात्र प्रथमच 'वापरता' येऊ लागली. मोठ्या शहरांत रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, मग विजेचे. वीज आपल्या जिल्ह्याला अगदीच अपरिचित नव्हती. गोकाकच्या धबधब्यावर १८८७च्या सुमारास पाण्याच्या जोरावर वीज निर्माण करण्यात आली. हिंदुस्थानातल्या पहिल्या प्रयत्नांत तिची गणना होते. पण ती सूतगिरणीसाठी होती. खेड्यातल्या विद्यार्थ्याच्या घरात विजेचा दिवा लागायला स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे जावी लागली.

रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करणाऱ्या गरीब मुलाची गोष्ट याच काळात लोकप्रिय झाली. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या नावावर ती हमखास सांगितली जाते आणि चित्रांत वर गॅसचा दिवा काढलेला असतो. वास्तविक विद्यासागरांचे शिक्षण १८४१ साली संपले आणि कलकत्त्याच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८५७ साली लागले. तेव्हा त्यांनी रस्त्यावर अभ्यास केला असेल तर तो तेलाच्या मिणमिणत्या दिव्याखाली. चित्रकाराने आपल्या काळातला दिवा त्यांच्या डोक्यावर टांगला. जागरणाचा आदर्शही आपण असाच मागे नेऊन टांगला आहे.

ज्यांना दिवसा सवड नव्हती त्यांच्यासाठी रात्र हाच आधार होता, हेही विसरता कामा नये. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्याला शिकायला दुसरी वेळच नव्हती. रमाबाई रानडे लग्न होऊन १८७३ साली सासरी आल्या आणि त्यांचे शिक्षण सुरू झाले तेही रात्री, घरातली कामे आवरल्यावर. कारण दिवसा वाचत बसलेली सून घरातल्या बायकांना खपत नसे. मुंबईत वरळीला दिव्यांच्या खाली बसून मुले वाचतात, त्या रस्त्याला लोक 'अभ्यास गल्ली' म्हणूनच ओळखतात. दाटीवाटीच्या घरात जागा नाही म्हणून ती मुले तिथे येतात. अशा जागणाऱ्यांपुढे आपण नम्र व्हावे. परंतु परिस्थितीने लादलेले जागरण वेगळे आणि स्वतःची खोली, टेबल, पंखा असलेल्या मुलावर आदर्श म्हणून लादलेले जागरण वेगळे.

घंटा वाजली

तिसरी गोष्ट घड्याळाची. पूर्वी गावाची वेळ गावच्या सूर्यावर चाले. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशासाठी एकच प्रमाणवेळ आली. ती ८२.५ अंश रेखांशावर बसवलेली आहे. मुंबईने हट्टाने आपली वेगळी वेळ बरीच वर्षे, थेट १९५५ पर्यंत, चालू ठेवली. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. त्या भांडणात राजकारण होते, अभिमान होता; पण एक साधे सत्यही होते. पश्चिमेकडचा सूर्य घड्याळाच्या मागे चालतो.

बेळगाव साधारण ७४.५ अंशांवर आहे. दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपला सूर्य प्रमाणवेळेच्या ३२ मिनिटे मागे आहे. पणजीचा सुमारे ३५ मिनिटे, वडोदऱ्याचा सुमारे ३७. म्हणजे आपण सकाळी सातची घंटा वाजवतो तेव्हा आपल्या सूर्याच्या हिशेबाने साडेसहाही वाजलेले नसतात. कलकत्त्याच्या आणि आपल्या सूर्यात तर जवळजवळ तासाचे अंतर आहे. घंटा मात्र दोन्हीकडे एकाच घड्याळाची. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने भारतातल्या मुलांच्या झोपेचा याच अंगाने अभ्यास केला. सूर्य उशिरा मावळतो तिथे मुले उशिरा झोपतात; शाळा मात्र त्यांना उशिरा उठू देत नाही. मधल्या मध्ये झोप कापली जाते आणि त्याचा फटका शिक्षणाला बसतो, असे त्यांना आढळले. आपल्या सगळ्या पश्चिम पट्ट्याने या गोष्टीचा विचार करायला हवा.

परळची खोली

'थोर माणसे जागूनच मोठी झाली' म्हणणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण हटकून देतात. बाबासाहेबांनी घेतलेल्या कष्टांना तोड नाही. पण त्यांच्या विद्यार्थिदशेची जी हकीकत चरित्रांत आली आहे ती नीट वाचली, तर तिचा धडा निराळाच आहे.

मॅट्रिकच्या अभ्यासाच्या दिवसांत कुटुंब परळच्या चाळीत एका खोलीत राहत होते. तीच स्वयंपाकघर, तीच निजण्याची जागा, तीच अभ्यासाची. भांडीकुंडी, सरपण, धूर. उशाशी जाते आणि पायाशी बांधलेली शेळी. सगळ्यांनी एकदम पाय पसरावेत एवढी जागा नव्हती. तेव्हा वडिलांनी, सुभेदार रामजींनी, एक तोड काढली. ते भीमाला संध्याकाळीच लवकर झोपायला सांगत आणि स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहत. दोन वाजता मुलाला उठवत आणि मग त्याच्या जागी स्वतः आडवे होत. मुलगा काच नसलेल्या दिव्याच्या उजेडात शांतपणे वाचत बसे. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. पुढे केळुसकर गुरुजींच्या खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

या हकीकतीतले 'रात्री दोन' एवढेच आपल्या लक्षात राहिले. परंतु ते दोन म्हणजे झोपायची वेळ नव्हती, उठायची वेळ होती. आणि त्या रात्री जागत कोण होते? वडील. मुलाला आधी झोप मिळावी म्हणून उतारवयातला एक निवृत्त सैनिक मध्यरात्र उलटेपर्यंत डोळ्याला डोळा लागू देत नव्हता. एका खोलीत जागेचा, उजेडाचा आणि शांततेचा तुटवडा असताना त्याने मुलाची झोप पहिल्यांदा राखली, मग त्याचा अभ्यास. ही कथा जागरणाची म्हणून सांगितली जाते. मला ती मुलाच्या झोपेवर पहारा देणाऱ्या बापाची वाटते. शाळेच्या कार्यक्रमांतून ती आपण तशी सांगायला हवी.

गरीब विद्यार्थ्याची अडचण फीची असते तशी अंथरुणाचीही असते, हे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ओळखले होते. १९०१ पासून त्यांनी जातवार वसतिगृहांची जी मालिका उभी केली, तिने खेड्यांतून आलेल्या मुलांना जेवणाबरोबर पाठ टेकायला हक्काची जागा दिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनीही साताऱ्यात १९२४ साली वसतिगृह काढले. 'वसतिगृह' या शब्दातच रात्रीची वस्ती आहे. बहुजनांच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण शाळांची गणती करतो. मुलांच्या निजण्याच्या जागांची गणती करत नाही.

प्रयोगशाळेचा कौल

वैद्यांनी आणि वडीलधाऱ्यांनी अनुभवाने जे जाणले होते, ते पुढे प्रयोगांनी सिद्ध होत गेले. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेनकिन्स आणि डालेनबाख या दोघांनी १९२४ साली एक सोपा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन विद्यार्थ्यांना दहा-दहा निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायला दिल्या. कधी पाठांतरानंतर त्यांना झोपू दिले, कधी नेहमीच्या कामात जागे ठेवले. आठ तासांनी विचारल्यावर झोपून उठलेल्यांना निम्म्याच्या आसपास अक्षरे आठवत होती. जागे राहिलेल्यांना दहांपैकी जेमतेम एक. पुढच्या शंभर वर्षांत संशोधन खूप पुढे गेले. दिवसा शिकलेले झोपेत मेंदू पुन्हा उजळतो आणि पक्क्या जागी लावून ठेवतो, हे आता मान्य झाले आहे. म्हणजे झोप हा अभ्यासाचाच शेवटचा तास आहे. रात्रभर वाचून तो तास बुडवणे म्हणजे पीक काढून खळ्यावर पावसात सोडून देण्यासारखे.

दुसरे उदाहरण आमच्या मुलांना सांगण्यासारखे आहे. सॅन दिएगो शहरात रँडी गार्डनर नावाचा सतरा वर्षांचा शाळकरी मुलगा होता. विज्ञानप्रदर्शनासाठी प्रयोग म्हणून तो डिसेंबर १९६३ अखेरपासून सलग २६४ तास, म्हणजे अकरा दिवस, जागा राहिला. शेवटच्या दिवशी त्याला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. पासष्टपर्यंत येऊन तो थांबला. का थांबलास म्हणून विचारले तर, आपण काय करत होतो हेच तो विसरला होता. ज्या मुलाला पासष्टातून सात वजा करता येत नाहीत, त्याला त्या अवस्थेत गणिताचा पेपर द्यायला कोण पाठवील? गिनीज बुकानेही पुढे, १९९७ साली, या विक्रमाची नोंद घेणे बंद केले.

तिसरी गोष्ट वयाची. मुले वयात येऊ लागली, की त्यांच्या शरीरातले घड्याळ उशिराकडे सरकते. रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी जाग उशिरा येते. मेरी कार्स्केडन या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिले. सकाळी न उठणारा नववीतला मुलगा दर वेळी आळशीच असतो असे नाही. या वयाला, म्हणजे तेरा ते अठरा वर्षांना, रोज आठ ते दहा तास झोप हवी, असे अमेरिकेतल्या निद्रावैद्यांच्या संस्थेने २०१६ साली जाहीर केले. तिथल्या मिनेसोटा राज्यातल्या एडायना या गावाने १९९६ सालीच हायस्कूलची घंटा ७.२० वरून ८.३० वर नेली. कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये कायदा केला आणि २०२२ पासून हायस्कूले साडेआठच्या आत भरत नाहीत. काही ग्रामीण शाळांना तेवढी सूट आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवले, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. पाऊल चांगले आहे. पण ज्यांच्या शरीराचे घड्याळ खरोखर मागे सरकलेले असते, ती आठवी ते बारावीची मुले त्या निर्णयाबाहेरच राहिली.

आता आपल्या हाती काय?

आजच्या मुलाच्या उशाशी कंदील नाही, मोबाइल आहे. कंदिलातले तेल संपत असे. याचे संपत नाही. अभ्यासाच्या नावाने तो हातात येतो आणि अभ्यास संपला तरी हातातून सुटत नाही. सकाळी शाळा, दुपारी शिकवणी, संध्याकाळी आणखी एक शिकवणी, रात्री गृहपाठ आणि नंतर हा दिवा. मुलींच्या बाबतीत तर पहाटेचे पाणी भरणे आणि डबे करणेही याच्यात येते. भावाला परीक्षा म्हणून उठवत नाहीत आणि बहिणीला परीक्षा असली तरी उठवतात, अशी घरे आजही आपल्या आसपास आहेत. रमाबाईंच्या काळापासून दीडशे वर्षे लोटली, तरी मुलीची झोप घरातली सर्वांत स्वस्त वस्तू राहावी, हे आपल्याला शोभत नाही.

शासनाचे निर्णय होतील तेव्हा होतील. तोवर घराने आणि शाळेने करण्यासारखे पुष्कळ आहे. परीक्षेच्या महिन्यात मुलाच्या दिव्याची वेळ ठरवावी आणि ती पाळावी. पहाटे पाचला उठवायचे असेल तर रात्री नऊला घरातला दूरदर्शन संच आपण बंद करावा. मुलाला झोप म्हणून आपण मालिका बघत बसलो तर ते अंथरुणात जागेच राहणार. पाठांतर निजण्यापूर्वी करावे, नवा कठीण धडा सकाळी. पेपरच्या आदल्या रात्री पुस्तक दहाला मिटावे. मोबाइल रात्री स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवावा, तोही आई-वडिलांच्या मोबाइलसह. आणि आम्ही शिक्षकांनी गृहपाठ देताना, या मुलाला आज आणखी चार जणांनी गृहपाठ दिला आहे, एवढे स्मरावे.

झोपेला मराठीत नीज म्हणतात, कन्नडात निद्दे, कोकणीत न्हीद. तिन्ही शब्द एकाच घरातले आहेत आणि सीमाभागातल्या मुलाला ते तिन्ही कळतात. ज्या मुलाला तीन भाषांचा भार पेलायचा आहे, त्याला एका भाषेतल्या मुलापेक्षा कमी झोप देऊन कसे चालेल? यंदा लक्ष्मीपूजनाचे दिवे विझले आणि सुटी संपली, की परीक्षेचे दिवस दिसू लागतील. तेव्हा 'तुमचा मुलगा किती वाजेपर्यंत जागतो?' असे कोणी विचारले, तर परळच्या त्या खोलीतल्या सुभेदारांचे स्मरण ठेवून सरळ सांगावे, 'आमचा मुलगा वेळेवर झोपतो. जागायचे असेल तर आम्ही जागतो.'